आकाशाची जुनी पत्रे

आपल्या आष्टीपासून दूर पश्चिमेला, पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुका आहे. तिथे नारायणगावाजवळ खोडद नावाचं गाव आहे. गावाच्या शिवारात मोठमोठ्या ताटल्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. एकेक ताटली ४५ मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ शंभर हात! अशा ३० ताटल्या आहेत. १४ खोडदजवळ, बाकीच्या १६ लांबलांबच्या गावांत.

या सगळ्या मिळून एक दुर्बीण होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. ताटली पत्र्याची नाही, बारीक पोलादी तारेच्या जाळीची आहे. जाळीतून वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका करता आला आणि खर्च वाचला.

या दुर्बिणीला डोळा लावत नाहीत. आपला रेडिओ लहरी पकडतो ना? तशाच आकाशातून आलेल्या लहरी ही पकडते.

आता एक गंमत बघा. मुंबईहून मुलाचं पत्र चार दिवसांनी आलं, तर त्यातली खुशाली चार दिवसांपूर्वीची असते. उजेडाचंही तसंच आहे. सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे ८ मिनिटं लागतात. म्हणजे आपल्याला दिसतो तो ८ मिनिटांपूर्वीचा सूर्य. रेडिओच्या लहरीही उजेडाच्याच वेगानं धावतात. जितकं लांबचं पाहावं, तितकं जुनं कळतं.

विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. खोडदच्या दुर्बिणीनं ताऱ्यांच्या एका दूरच्या समूहातून निघालेली लहर पकडली. हे २०२३ साली जाहीर झालं. ती लहर ८८० कोटी वर्षे वाटेत होती. ती निघाली तेव्हा आपली पृथ्वी जन्मलीसुद्धा नव्हती!

याहून जुना उजेड दक्षिण ध्रुवावर टिपतात. तिथे बर्फच बर्फ. २००७ पासून तिथे १० मीटरची दुर्बीण आहे. विश्व जेमतेम ३ लाख ८० हजार वर्षांचं होतं, तेव्हाचा उजेड ती पकडते. हवेतली वाफ हा उजेड गिळते. ध्रुवावरची हवा कोरडीठाक, म्हणून शास्त्रज्ञ तिथली थंडी सोसतात.

खोडदला हवी ती शांतता. मोबाइलचा मनोरा, विजेच्या तारेवरची ठिणगी, यांतूनही लहरी निघतात. त्यांचा गलका झाला, की आकाशाची कुजबुज बुडून जाते. म्हणून आसपास नवे कारखाने काढण्यावर बंधनं आहेत. पुणे-नाशिक रेल्वेच्या आखलेल्या मार्गालाही याच कारणानं हरकत आली.

गावांना रेल्वे हवी, हाताला काम हवं. ही मागणी खोटी नाही. पण एवढी दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही. तेव्हा दोन्ही बाजूंनी बसून वाट काढावी लागते. शोध लागला, की नाव शास्त्रज्ञांचं होतं. त्यात शेजारच्या गावांनी सोसलेली अडचणही असते, हे विसरू नये.

प्रश्न
१. ताटली जाळीची का केली?
२. आपल्याला दिसतो तो सूर्य किती मिनिटांपूर्वीचा?
३. दुर्बीण आपल्या शिवारात असती, तर आपण काय केलं असतं? चारचौघांत बोला.