डॉक्टरकी करून दिल्लीला जायचंय?

नीटची तयारी करणारा मुलगा जेवताना म्हणतो, ‘मला डॉक्टर होऊन राजकारणात जायचंय,’ आणि घरातलं वातावरणच बदलतं. आईला वाटतं, एवढ्या कष्टाने मिळणारी सीट वाया जाणार. बाबा म्हणतात, आपल्याकडे ना पैसा, ना घराणं. आईची भीती बरीचशी अनाठायी आहे. बाबांच्या म्हणण्यात मात्र तथ्य आहे.

डॉ. भारती पवार, डॉ. हीना गावित, डॉ. श्रीकांत शिंदे, डॉ. प्रीतम मुंडे. या चौघांनी वैद्यकीय शिक्षण घेतलं, खासदारकीही मिळवली. पण चौघांच्याही घरात राजकारण आधीपासून होतं. तुमच्या घरात ते नसेल तर त्यांची उदाहरणं फारशी कामाची नाहीत.

त्यापेक्षा डॉ. भागवत कराडांची वाटचाल पाहा. औरंगाबादचे (आताचं छत्रपती संभाजीनगर) बालशल्यचिकित्सक. आधी नगरसेवक, मग महापौर, पुढे मराठवाडा वैधानिक विकास मंडळाचे अध्यक्ष. २०२० साली राज्यसभा आणि जुलै २०२१ मध्ये केंद्रात अर्थ राज्यमंत्री. भाजप नेते गोपीनाथ मुंडेंचं पाठबळ होतं, हे खरंच. तरी महापालिकेपासून दिल्लीपर्यंत पोहोचायला दोन दशकं लागली. मंत्री झाल्यावर काही महिन्यांतच दिल्ली-मुंबई विमानात एका सहप्रवाशाला घाम फुटला, रक्तदाब उतरला. तेव्हा कराड जागेवरून उठले, त्याचे पाय उंच धरले, ग्लुकोज दिलं. खातं अर्थ, हात डॉक्टरचे! धुळ्याचे कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. सुभाष भामरे तर संरक्षण राज्यमंत्री होते. डॉक्टर म्हणजे आरोग्य खातं, हे गणित पालकांनी डोक्यातून काढून टाकावं.

वयाची घाई नको. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, एमडी किंवा एमएस आणखी तीन. नगरसेवक होण्यासाठी किमान वय २१, लोकसभेसाठी २५, राज्यसभेसाठी ३०. लोकसभेची अनामत २५ हजार असली, तरी महाराष्ट्रात उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ९५ लाखांची आहे. लोकसभेपासूनच सुरुवात करायचा हट्ट मध्यमवर्गीय घराने धरू नये, वॉर्डापासून करावी. वॉर्डात दवाखाना असलेल्या डॉक्टरला लोक आधीच ओळखत असतात. ही ओळख फलक लावून मिळत नाही. सरकारी नोकरीतल्या डॉक्टरला मात्र पक्षाचं काम करता येत नाही, निवडणूक लढवायची तर राजीनामा द्यावा लागतो.

आणि पराभवाचं काय? २०२४ मध्ये भामरे धुळ्यात डॉ. शोभा बच्छाव यांच्याकडून चार हजारांहूनही कमी मतांनी हरले. त्याच निवडणुकीत भारती पवार आणि हीना गावितही पडल्या. उद्या खासदारकी गेली तर परवा ओपीडी उघडता आली पाहिजे. म्हणून महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी होणारं नूतनीकरण चुकवू नका. त्यासाठी लागणारे निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे (सीएमई) क्रेडिट पॉइंट प्रचाराच्या धामधुमीतही जमवत राहा.

मुलाचा कल खरा आहे की निवडणुकीच्या हवेतला, हे इंटर्नशिपमध्ये कळतं. प्राथमिक आरोग्य केंद्रावरची ड्युटी बहुतेकांना कंटाळवाणी वाटते. तुमचा मुलगा तिथे औषधांची मागणी कुठे अडते, जिल्हा परिषदेत ती फाईल कोण हलवतो, रुग्ण कल्याण समितीची बैठक कधी होते, हे स्वतःहून विचारत असेल, तर त्याला अडवू नका. एमडीच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास तेवढा सुरू ठेवायला सांगा.