पाऊस आधी, शाळा मागून

(मे महिन्याचा शेवटचा आठवडा. डोंबिवलीतलं दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढं घर. मुलगा आठवीत जाणार, मुलगी चौथीत. आत्या नागपूरहून आलेली. तिची सगळी नोकरी शाळेच्या ग्रंथालयात गेली.)

भाची : आत्या, आज माळा काढतेय. वॉचमनकडून शिडी आणवलीय.

आत्या : परत पाठव ती. माळ्यावरची कुठली वस्तू पंधरा जूनला लागणार आहे तुला?

भाची : तशी एकही नाही. पण सगळा पसारा तिथेच कोंबलाय ना.

आत्या : त्याला साठा म्हण. साठ्यापायी कुणाची रिक्षा चुकत नाही. रोज हलणाऱ्या आणि परत जायला जागा नसलेल्या वस्तूंपायी चुकते. डबा, पाण्याची बाटली, मोजे, ओळखपत्र, कंपास. आम्ही ग्रंथालयात देवघेवीतली पुस्तकं वेगळी ठेवायचो आणि जुन्या अंकांचे बांधीव खंड वेगळे. कामाला लागायचं ते आधी देवघेवीपासून. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. तुझ्या घरातला वाचक म्हणजे सकाळी साडेसहाला एका पायात मोजा घालून दुसरा शोधणारी तुझी लेक.

भाची : मी तर कप्प्यांचे डबे, बास्केट असं काय काय बघून ठेवलंय मोबाइलवर.

आत्या : आत काय राहणार हे ठरण्याआधी? डबे आधी आणले की ते भरायला वस्तू राखाव्या लागतात. पंधरा दिवस बुटांच्या खोक्यांवर भागव. त्यातून काय कमी पडतं ते कळेल, मग मापानं घे.

भाची : बरं, पंधरा दिवस आहेत हातात.

आत्या : नाहीत. आमच्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, तुमच्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांनी. तुमची दुहेरी घाई. मुंबईत मान्सून पोचायची सर्वसाधारण तारीख ११ जून आणि शाळा पंधराच्या आगेमागे. म्हणजे पाऊस आधी, शाळा मागून. ऊन हवं असलेलं जे काही आहे ते याच आठवड्यात. गाद्या, रजया, धुतलेली दप्तरं, बूट. एकदा हवा दमट झाली की धुतलेलं दप्तर तीन दिवस वाळत नाही आणि कुबट वास वर्षभर पुरतो.

भाची : पुस्तकंही टाकते मग गॅलरीत. आई गच्चीवर चादर घालून सगळी पुस्तकं पसरायची.

आत्या : वहिनी घालायची, माहीत आहे मला. म्हणूनच दादाची निम्मी पुस्तकं पिवळी पडलीत. कडक उन्हानं कागद ठिसूळ होतो, बांधणीचा डिंक तडकतो. पुस्तकाला सावली आणि वारा हवा. पंख्याखाली उभी, पानं थोडी मोकळी करून ठेव. आणि कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढ. तुमच्याकडे पावसाचा मारा ज्या भिंतीवर येतो ती आतून घाम धरते. ओल कागदात उतरली की बुरशी, मागोमाग कसर.

भाची : कसर लागलीच आहे. आजीनं खाकी कव्हरं घातलेल्या वह्यांना जास्त.

आत्या : कणकेची खळ लावून चिकटवलीत ना? कसरीला पिष्ट आवडतं. खळीची कव्हरं म्हणजे तिच्यासाठी वाढलेलं पान. नव्या वह्यांना नुसत्या घड्या घालून कव्हर बसव. डांबराच्या गोळ्या मात्र मुलांच्या कपाटात नको. चुकून पोटात गेली तर विषबाधा होते, आणि काही मुलांच्या रक्ताला त्या फार वाईट. वेखंडाचा तुकडा ठेव हवा तर. खरं औषध म्हणजे कोरडेपणा, आणि महिन्यातून एकदा सगळं हलवणं.

भाची : मग सुरुवात कुठून?

आत्या : दारापासून. मुलं शाळेतून येतात तेव्हा काय काय कुठे पडतं, त्या जागा आज फक्त बघ.

भाची : बघायला कशाला हवं, पाठ आहे. बूट दारात, दप्तर सोफ्यावर, डबा दप्तरातच. रेनकोट बाथरूमच्या दारावर, त्याचं पाणी पायपुसण्यावर.

आत्या : मग तिथेच सोय कर. सोफ्याशेजारी दप्तराला जागा, मुलीच्या खांद्याच्या उंचीवर खुंटी. आपण खुंट्या आपल्या उंचीला ठोकतो आणि पोरांना वळण नाही म्हणून ओरडतो. ओल्याची जागा निराळी. रेनकोट आणि छत्रीला बाथरूममध्ये किंवा गॅलरीत दांडी, बुटांना उघडा स्टँड. ओले बूट बंद कपाटात गेले की दुसऱ्या दिवशी आतून पांढरे होतात. रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंब, पाणी ओढून घेतात.

भाची : आणि दप्तर? लेकीचं उचलून बघ एकदा. गेल्या वर्षीचं अजून रिकामंही केलेलं नाही.

आत्या : त्यातच निम्मं उत्तर आहे. २०१५ मध्ये आपल्या राज्य सरकारनं दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपुरतं ठेवायला सांगितलं. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणातही तोच हिशेब आहे. तिसरी ते पाचवी १.७ ते २.५ किलो, आठवीला २.५ ते ४ किलो. लेकीला दप्तरासकट काट्यावर उभी कर, मग दप्तराशिवाय. वजाबाकी तिलाच करू दे. मग सगळं जमिनीवर ओता.

भाची : ओतलं तर काय निघेल देवाला ठाऊक.

आत्या : शाळांना दोष देतात सगळे, आणि तो आहेच. पण सगळ्याच पुस्तकांचं ओझं शाळेनं दिलेलं नसतं. दप्तर रात्री उद्याच्या वेळापत्रकाप्रमाणे भरायचं, तर काढलेलं ठेवायला घरात एक फळी लागते. ती नसते, म्हणून मूल सगळंच पाठीवर घेऊन फिरतं. त्यापेक्षा सोपं काय? दोघांना एकेक फळी दे, वेळापत्रक तिथेच चिकटव. हे झालं की अर्धी लढाई संपली.

भाची : गणवेशाचं काय?

आत्या : आजच घालून बघायला लाव. शिंप्याकडे दहा जूनला गेलीस तर तो पंधरा ऑगस्टला देईल. पुढे.

भाची : पुढे वह्या-पुस्तकं. तिथे माझा हात चालत नाही. थोरल्याच्या पाचवीपासूनच्या पुस्तकांची चळत ठेवलीय, धाकटीला होतील म्हणून.

आत्या : होतीलच असं नाही. बालभारतीनं २०२३-२४ पासून दोन वर्षं पुस्तकांचे चार भाग केले होते, मध्ये लिहायला कोरी पानं घालून. दप्तर हलकं व्हावं हा हेतू. मग ते बंद करून पुन्हा पहिल्यासारखी पुस्तकं आणली. तुझ्या थोरल्याची पाचवी-सहावी नेमकी त्या दोन वर्षांत झाली. आता अभ्यासक्रमच बदलतोय, २०२५-२६ ला पहिलीपासून सुरुवात झाली, पुढच्या इयत्ता टप्प्याटप्प्यानं. धाकटी पाचवीत जाईल तेव्हा ही पुस्तकं चालतील यावर भरवसा ठेवू नकोस. चालू पुस्तकांच्या पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. जुनं पुस्तक एकाच कामाचं, या वर्षी त्याच इयत्तेत जाणाऱ्या कुणाला तरी देणं. तेही शाळा सुरू व्हायच्या आत.

भाची : आणि अर्ध्या भरलेल्या वह्या?

आत्या : कोरी पानं काढ, दाभण आणि जाड दोऱ्यानं शिव. कच्च्या कामाची वही झाली. थोरल्याला शिवायला शिकव, एक दुपार जाईल. भरलेली पानं रद्दीत. गणिताची मागच्या वर्षीची एक वही ठेव, वर्ग सुरू झाल्यावर पहिले पंधरा दिवस चाळायला कामी येते. सगळ्याच विषयांच्या ठेवल्या तर कुणी एकही उघडत नाही.

भाची : रद्दीवाला रविवारी येतोय. माळ्यावर सासऱ्यांची पत्र्याची ट्रंक आहे, नुसते जुने कागद. तीही देऊन टाकू म्हणते.

आत्या : थांब. कसले कागद?

भाची : त्यांच्या वडिलांचे. मोडीतले काही, काही शाळेचे, जमिनीचे. कुणाला वाचता येत नाही.

आत्या : रद्दीवाल्याला आधी फोन करून सांग, ट्रंक नाही म्हणून. तुमच्या घरी ओबीसीचा दाखला आहे ना? थोरला आठवीत, म्हणजे चार-पाच वर्षांत राखीव जागेवर इंजिनिअरिंगला अर्ज करायची वेळ आली तर नुसता दाखला पुरणार नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागेल. समिती जुने पुरावे बघते. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त आणि भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१. त्या तारखेआधीच्या कागदावर जातीची नोंद असेल तर तो सोन्याच्या भावाचा.

भाची : म्हणजे आपल्या अण्णा आजोबांचा शाळेचा दाखला चालेल? तो बाबांकडे आहे.

आत्या : अण्णांचा तुला चालला. तुझ्या मुलांना चालायचा नाही. त्यांना बापाकडच्या रक्ताच्या नात्यातलेच कागद हवेत. आजोबा, पणजोबा, चुलत आजोबा, त्यांची आत्या. म्हणून त्या ट्रंकेवर तुझ्या दिरांच्या मुलांचाही तेवढाच हक्क आहे. शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या रजिस्टरचा प्रवेश-निर्गम उतारा, गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदीचा नमुना चौदा, जुनी खरेदीखतं, असलं काहीही निघेल. गावची शाळा बंद पडलेली असते, रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं असतं, आणि मग माणसं ऐन प्रवेशाच्या वेळी तालुक्याला खेपा घालतात. ती ट्रंक आजच उतरव.

भाची : आत्ताच शिडी परत पाठवलीस.

आत्या : मागव पुन्हा. माळा पावसात गळतो की नाही?

भाची : कोपऱ्यात थोडा. म्हणजे कागद खाली आणून काय करायचं? लॅमिनेट करून घेते, एकदाची चिंता मिटेल.

आत्या : मुळीच नको. ती उष्णता जुन्या कागदाला सोसत नाही, शाई फिकी असेल तर आणखी बिघडते, आणि एकदा चिकटवलेलं सोडवता येत नाही. सेलोटेपही नको, चार वर्षांत तपकिरी डाग पाडतो. आधी टाचण्या आणि यू-पिना काढ, तुमच्या हवेत त्या गंजून कागदाला भोक पाडतात. घडी सावकाश उलगड, जबरदस्ती नको. मोबाइलनं नीट फोटो काढ, दिरांना पाठव, म्हणजे एक प्रत त्यांच्या घरी राहिली. मूळ कागद साध्या कागदी लिफाफ्यात घालून लोखंडी कपाटात वरच्या खणात ठेव. मोडी वाचणारे लोक आहेत, पुराभिलेखागारात चौकशी कर.

भाची : आणि मुलांचे कागद?

आत्या : एकच फाईल प्रत्येकाची. जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, दरवर्षीचं प्रगतिपुस्तक, जातीचा दाखला. उत्पन्नाच्या आणि नॉन-क्रीमीलेयरच्या दाखल्याला मुदत असते. फाईलच्या वरच तारीख लिहून ठेव म्हणजे अर्जाच्या आदल्या दिवशी धावपळ नाही.

भाची : आता खरं अवघड. चित्रं. बालवाडीपासूनचं सगळं ठेवलंय मी. एकही टाकवत नाही. एका बाईंचं पुस्तक वाचलं, त्यात वस्तू हातात धरून बघायचं, आनंद देते का.

आत्या : नमुना चौदा हातात धरून बघ देतो का आनंद. ती कसोटी साड्यांना ठीक आहे. चित्रांचं मी तुला आमची रीत सांगते. ग्रंथालयातून पुस्तक काढून टाकायचं तर निर्लेखन करावं लागतं. यादी, कारण, समिती, सह्या. एकट्या ग्रंथपालाला फेकता येत नाही. रंगनाथनांचं पाचवं सूत्र आहे, ग्रंथालय ही वाढणारी संस्था आहे. वाढणार तर गळणारही, पण कुणाच्या तरी सहीनं. तुझ्याकडे समिती तयारच आहे. लेकीला सांग, प्रत्येक वर्षाची दहा चित्रं निवड. मागे पेन्सिलनं इयत्ता आणि तारीख घाल. बाकीचं तिच्यासमोर जाऊ दे.

भाची : ती सगळीच ठेवायची म्हणेल.

आत्या : म्हणू दे. चित्रांची फाईल भरली की तीच काढायला लागते. तिच्या माघारी मात्र टाकू नकोस. शाळेतून येऊन कचऱ्यात आपलं चित्र सापडलं की मूल पुढे चॉकलेटचा कागदही गादीखाली लपवतं. हे मी घरोघरी पाहिलंय.

भाची : खेळणी अनाथाश्रमात देते.

आत्या : चाक नसलेली मोटार? तिथल्या मुलांनी काय करायचं तिचं? आधी फोन करून विचार, काय हवंय. मोडकं ते कचऱ्यात, सुक्याचं सुक्यात. बंद पडलेले कॅल्क्युलेटर, चार्जर, सेल हे मात्र रद्दीच्या पोत्यात नको, ई-कचरा घेतात तिथे दे. आणि रद्दीवाल्याला कागद देशील तो कोरडा दे. भिजलेल्या कागदाला त्याला काही मिळत नाही. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत १९९३ सालीच उभी राहिली. हाताला काय लागतं, काय कापतं, हे त्या बायकांकडून ऐकावं. फुटकी काच वर्तमानपत्रात गुंडाळून वर तसं लिही.

भाची : थोरल्याचा खण राहिला. त्यात नुसत्या संपलेल्या रिफिली, तिकिटं आणि एक मोडलेला रुबिक क्यूब आहे. मी उघडला की चिडतो.

आत्या : आठवीतल्या मुलाचा खण आहे तो. किल्ली त्याची, मर्यादा तुझी. मुंग्या आल्या नाहीत आणि खण बंद होतोय तोवर बोलू नकोस. खण लागेनासा झाला की त्याला सांग, तूच ठरव काय जातं.

भाची : आज विचारू का?

आत्या : क्लासहून आला की आधी खायला घाल. मग विचार.