गिनी फाउल: खाद्य एकदम बदलू नका

गिनीच्या पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त प्रथिनं लागतात. पोत्यावरचं प्रमाण वाचूनच खाद्य घ्या.

▪️ पहिले ४ आठवडे: २४-२६ टक्के
▪️ ५ ते ८ आठवडे: १८-२० टक्के
▪️ पुढे: साधारण १६ टक्के

*बदल ७ दिवसांत करा:* २ दिवस पाव भाग नवं, ३ दिवस निम्मं-निम्मं, २ दिवस पाऊण भाग नवं. एकदम बदललं तर पिल्लं खाणं सोडतात, हगवण लागते.

घरच्या बाजरी-मक्याचा भरडा थोडा चालेल, पण नुसत्या भरड्यावर वाढ खुंटते.

❌ कच्चं सोयाबीन, सरकी पेंड, बुरशी लागलेला मका देऊ नका.
❌ लेयर खाद्यात कॅल्शियम जास्त असतं, पिल्लांच्या मूत्रपिंडाला इजा होते. ते अंड्यावर आलेल्या पक्ष्यांनाच द्या.

पिल्लं मलूल दिसली तर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.