बी.ए. ऑनर्स : तयारी पहिल्या सत्रापासूनच



बी.ए.चे पहिले वर्ष मी 'पास झालो की पुरे' या समजुतीत घालविले. आज ही समजूत महागात पडेल, म्हणून हा लेखप्रपंच.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या, म्हणजे सहा सत्रांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक लागतात. चौथे वर्ष पूर्ण करून किमान १६० श्रेयांक मिळविल्यास ऑनर्स पदवी मिळते. गुणवंतांसाठी चौथ्या वर्षी 'संशोधनासह ऑनर्स' असा मार्ग आहे. त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के गुण हवेत. शिवाय प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली १२ श्रेयांकांचा प्रबंध लिहावा लागतो.

याचा लाभ काय? पुढे एम.ए. एका वर्षात होऊ शकते. तसेच पीएच.डी.च्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळविणारा विद्यार्थी एम.ए.शिवाय प्रवेशास पात्र ठरतो. तेथे अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के सवलतीची तरतूद आहे. चौथ्या वर्षासाठी मात्र ७५ टक्केच धरून चालावे.

आता साधा हिशेब पाहा. सहाही सत्रे सारखी धरली आणि पहिल्या दोन सत्रांत ६० टक्के पडले, तर उरलेल्या चारांत सरासरी ८२.५ टक्के लागतील! मागची तूट भरून काढणे किती कठीण, हे आम्हा बँकवाल्यांना ठाऊक आहे.

तेव्हा महाविद्यालयात चौथ्या वर्षाची व मार्गदर्शकाची सोय आहे काय, हे प्रवेश घेतानाच विचारावे. आणि पहिल्याच सत्रापासून अभ्यासाला लागावे.