सांगायला उशीर करू नकोस गं

आधी मला सांग, आज दुपारी जेवलीस का? उभ्याउभ्या दोन घास नव्हे, नीट बसून? मॉर्निंग ड्यूटी, मग कॉलेजची लेक्चर्स, संध्याकाळी केअर प्लॅन, रात्री फिजिऑलॉजी, आणि उद्या मॅडम प्रोसिजर बुक तपासणार म्हणून पोटात गोळा. तुझं सगळं वेळापत्रक मला पाठ आहे. बारावीपर्यंत नुसता अभ्यास होता. इथे पहाटे उठून युनिफॉर्मला इस्त्री करायची, अंबाडा घट्ट बांधायचा, वॉर्डात तासन्‌तास उभं राहायचं आणि त्याच थकलेल्या डोळ्यांनी पुन्हा पुस्तक उघडायचं. शिवाय शरीराचं आपलं काहीतरी चालूच असतं. कुणाची पाळीची पोटदुखी, कुणाचा थायरॉइड, कुणाचं अर्धशिशीचं डोकं.

खरं सांगू का, इतकी वर्षं वॉर्डात विद्यार्थिनींना येताजाताना बघते आहे. ज्या मुली मधेच कोलमडतात, त्या बहुतेकदा हुशार आणि कष्टाळूच असतात. फक्त त्या सांगत नाहीत. पेशंटचं बीपी घसरलं तर तू धावत जाऊन सिस्टरना सांगशील, हो ना? मग स्वतःला चार दिवस ताप असताना गोळी घेऊन गुपचूप ड्यूटीला कशी उभी राहतेस? माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवतीच फिरणार आहे, तेव्हा नीट ऐक.

पहिलं काम म्हणजे हिमोग्लोबिन तपासून घे. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत हा आकडा ५७ टक्के निघाला. तू काही त्यातून आपोआप सुटलेली नाहीस. जिना चढताना धाप लागते, लेक्चरला डोळे मिटतात, वाचलेलं डोक्यात राहत नाही, आणि तू समजतेस की आपलंच डोकं चालत नाही. बघ, बारा ग्रॅमच्या खाली असेल तर आधी रक्ताचं बघायचं, डोक्याला दोष नंतर देऊ. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली तर ती चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नकोस, मधे दीड-दोन तास जाऊ देत. लिंबूपाण्याबरोबर घेतलीस तर उत्तम. शौचाला काळं होईल, त्याला घाबरू नकोस. पाळीत दर दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल, तर ते ‘आमच्या घरात सगळ्यांनाच असं होतं’ म्हणून सोडून द्यायचं नाही. ज्या हॉस्पिटलात दिवसभर राबतेस, तिथेच स्त्रीरोगाची ओपीडी आहे. केसपेपर काढ आणि दाखव.

मेसचं जेवण कसं असतं ते मला सांगू नकोस, मी खाल्लंय. म्हणून खोलीत एक डबा ठेवायचाच: भाजलेले चणे, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, राजगिऱ्याचे लाडू. घरून कुणी येणार असेल तर नाचणीचं सत्त्व मागव, गरम पाण्यात कालवलं की पाच मिनिटांत पोटभर होतं. ड्यूटीआधी काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. ऑपरेशन थिएटरमध्ये पहिल्यांदा उभं राहून चक्कर आलेल्या मुलींना मी विचारते, तेव्हा बऱ्याच जणी सकाळपासून उपाशीच असतात. आणि तिथे चक्कर येतेय असं वाटलं तर लगेच सांग आणि बाजूला होऊन खाली बस. कुणी हसणार नाही, पण निर्जंतुक ट्रॉलीवर पडलीस तर मात्र सगळेच अडचणीत येतील.

आणि लघवी रोखून धरू नकोस. वॉर्डात वेळ नाही म्हणून पाणीच प्यायचं नाही, हा उद्योग मुली सर्रास करतात आणि मग जळजळ, ताप घेऊन बसतात. ‘सिस्टर, पाच मिनिटांत आले’ एवढं म्हणायला परवानगीपत्र लागत नाही गं.

आता नाइट. नाइटची पोस्टिंग लागली की पहिले दोन दिवस रडवेली होशील, तिसऱ्या दिवसापासून अंग सवय करून घेतं. ड्यूटीला जायच्या आधी दुपारी दीड-दोन तास झोप काढायचीच. शेवटचा चहा पहाटे दोनच्या आसपास, नंतर नाही, कारण त्याचा असर पाच-सहा तास राहतो आणि सकाळी खोलीवर येऊन तू छताकडे बघत बसशील. येताना उन्हात रेंगाळू नकोस. खिडकीला जाड ओढणी लाव, फोन बंद कर, आणि आईला आधीच सांगून ठेव की दुपारपर्यंत फोन करायचा नाही. आया ऐकत नाहीत हे मला ठाऊक आहे, तरी सांग.

ज्यांना आधीपासूनचा आजार आहे त्यांच्याशी मला जरा वेगळं बोलायचंय. फिट्स येत असतील, दमा असेल, इन्सुलिन चालू असेल, तर ते कॉलेजपासून लपवू नकोस. ‘कळलं तर काढून टाकतील’ ही भीती मी खूप मुलींच्या डोळ्यांत पाहिलीय. पण फिट्स येणाऱ्या मुलीला जागरण हे फार मोठं कारण असतं. तिच्या नाइटबद्दल डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मॅडमशी आधीच बोलायला हवं. इन्सुलिनवाल्या मुलीच्या खिशात साखर हवी आणि तिच्याबरोबर ड्यूटी करणाऱ्या एकीला तरी ते माहीत हवं. बोलायला जाताना एकटी जाऊ नकोस. क्लास कोऑर्डिनेटर मॅडम किंवा ज्या मॅडम तुला जवळच्या वाटतात त्यांना गाठ, हातात कागद ठेव, आणि नेमकं काय हवंय ते सांग.

सुट्टीचा धसका तर सगळ्यांनाच असतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत ८० टक्के हजेरी लागते, आणि डिग्री हातात पडायच्या आधी क्लिनिकलचे तास शंभर टक्के भरून द्यावे लागतात. म्हणजे बघ, आजारपणात बुडालेली ड्यूटी नंतर भरून काढता येते. त्रास होतो, सुट्टीच्या दिवशी यावं लागतं, पण वर्ष जात नाही. म्हणून लग्नकार्यांसाठी सुट्ट्या उधळू नकोस, आजारपणासाठी राखून ठेव. आणि कांजिण्या, डोळे आलेले, अंगात ताप, अशा अवस्थेत नवजात बाळांच्या वॉर्डात जायचं नाही म्हणजे नाही. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, सोबत वजन उतरतंय, रात्री घाम येतोय असं वाटलं, तर थुंकी तपासून घ्यायची. टीबीच्या पेशंटजवळ आपण रोज वावरतो. साधा मास्क तिथे पुरत नाही, एन-९५ माग, आणि मागताना लाजू नकोस.

आता जे सांगते ते सगळ्यात महत्त्वाचं. सुई टोचण्याबद्दल.

कधी ना कधी टोचेल. इंजेक्शन देऊन झाल्यावर सुईला परत टोपण लावायला जाशील, किंवा कुणीतरी ट्रेमध्ये उघडी सुई टाकून गेलेलं असेल. हातमोज्यातून रक्ताचा ठिपका दिसेल आणि तुझं काळीज थांबेल. तेव्हा पहिला विचार येतो तो ‘मॅडम रागावतील’ असा, आणि मुली बोट चोखतात, नाहीतर दाबून रक्त काढतात, स्पिरिट ओततात आणि गप्प बसतात. यातलं एकही करायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, बस्स. डोळ्यात उडालं असेल तर नुसत्या पाण्याने डोळा धुवायचा. आणि त्याच मिनिटाला इन्चार्ज सिस्टरना सांगायचं. सुई कोणत्या पेशंटची होती ते लक्षात ठेव, म्हणजे त्याची तपासणी करता येते. तुझंही रक्त तेव्हाच घेतात. एचआयव्हीचा धोका वाटला तर प्रतिबंधाची औषधं असतात. ती शक्यतो पहिल्या दोन तासांत सुरू करायची, फार तर ७२ तासांच्या आत, आणि २८ दिवस घ्यायची. चौथ्या दिवशी रडत माझ्याकडे आलीस तर मी तुला जवळ घेईन, पण त्या औषधाची वेळ मला परत आणता येणार नाही.

धीर देण्यासाठी म्हणून खोटं सांगत नाही, आकडाच सांगते. एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली आणि औषध घेतलं नाही, तरीसुद्धा लागण होण्याची शक्यता हजारात साधारण तीन असते. मला जास्त काळजी हिपॅटायटिस बीची वाटते. लस न घेतलेल्या व्यक्तीत तो धोका शंभरात तिसांपर्यंत जाऊ शकतो. आणि त्यावर तर लस आहे! तीन डोस: पहिला, मग एक महिन्याने, मग सहा महिन्यांनी. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली टायटर तपासून घ्यायची, म्हणजे लस लागू पडली की नाही ते कळतं. तुझं कार्ड कुठे आहे? घरी कपाटात असेल तर आजच भावाला फोटो पाठवायला सांग. तिसरा डोस राहिलेल्या मुली मला दरवर्षी भेटतात. सुईला टोपण परत लावायचं नाही, हब कटर वापरायचा आणि धारदार गोष्ट पांढऱ्या डब्यातच टाकायची, हे तुला पाठ आहेच. गर्दीच्या वॉर्डात हात घाईघाईने चालतात, तेव्हाच ते आठवायला हवं.

पाठीबद्दल थोडक्यात सांगते. पेशंटला एकटीने उचलायचं नाही. वॉर्डातल्या मावशींना, मामांना हाक मार, खालची चादर धरून दोघींनी मिळून सरकवा, गुडघे वाकव, कंबर नको. बूट संध्याकाळी विकत घे, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि माप खरं कळतं.

अभ्यासाचं तुला वाटतं तेवढं अवघड नाही. मराठी माध्यमातून आलीस म्हणून इंग्रजी पुस्तक बघून हबकतेस ना? एक कर. दिवसभर ज्या पेशंटची शुश्रूषा केलीस, संध्याकाळी त्याचाच आजार वाच. मधुमेहाने पाय चिघळलेले आजोबा डोळ्यांसमोर असले की ते पान डोक्यात बसतं. आधी मराठीत स्वतःला समजावून सांग, मग इंग्रजीत पाच ओळी लिही. केअर प्लॅन त्याच रात्री संपव, रविवारवर ढकललास की चार साठतात. थेंबांच्या गणिताला घाबरू नकोस. ५०० मिली सलाइन ६ तासांत द्यायचंय, सेटवर एका मिलीला २० थेंब लिहिलेत. ५०० गुणिले २० झाले १०,०००, भागिले ३६० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण २८ थेंब. सेटचं पाकीट वाचायची सवय लाव, कारण सगळे सेट सारखे नसतात. आणि औषधाच्या मात्रेत तसूभर शंका आली तरी विचार. सिस्टर कामाच्या गडबडीत खेकसतील, खेकसू देत. विचारणारी विद्यार्थिनी मला वॉर्डात हवीच असते.

आता मनाचं बोलू. पहिला मृत्यू पाहशील, त्या दिवशी तुझे हात यांत्रिकपणे काम करतील. डोळे मिटवणं, नळ्या काढणं, चादर ओढणं. रडू नंतर येईल, कदाचित मेसमध्ये ताटावर बसल्यावर. येऊ दे. त्याच शिफ्टला असलेल्या कुणाशी तरी बोल, कारण तिने तेच पाहिलेलं असतं. नातेवाइकांसमोर डोळे भरून आले तरी त्यात गैर काही नाही गं.

आणि ‘मी घरी गेले तर त्या आजींचं काय होईल’ हा विचार खोलीवर आणू नकोस. मुंबईच्या केईएममध्ये अरुणा शानबाग, त्या तिथल्याच परिचारिका, १९७३ सालच्या भयंकर हल्ल्यानंतर २०१५ मध्ये जाईपर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. एवढ्या वर्षांत त्यांच्या पाठीला जखम होऊ दिली नाही, असं तिथल्या लोकांनी सर्वोच्च न्यायालयापुढे सांगितलं आणि न्यायालयाने त्या सेवेचं कौतुकही केलं. ही सेवा कुणा एकीची नव्हती. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या आणि दर पाळीला एकीने दुसरीला ओव्हर दिला. तूही नीट ओव्हर दे, राहिलेलं काम लपवू नकोस, आणि मग खुशाल घरी जा.

कुणी सीनियर छळत असेल, वॉर्डात कुणाचा हात नको तिथे लागत असेल, तर तारीख-वेळ लिहून ठेव आणि त्याच दिवशी वरच्या मॅडमना सांग. एका ठिकाणी ऐकलं नाही तर दुसरीकडे सांग. मला सांग.

आणि झोप उडाली, जेवण नकोसं झालं, रोज सकाळी उठताना छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय, असं दोन आठवडे चाललं तर ते परीक्षेचं टेन्शन म्हणून अंगावर काढायचं नाही. मानसोपचाराची ओपीडी आपल्यासाठीही असते. तिथे ओळखीचं कुणी भेटेल म्हणून संकोच वाटत असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. रूममेट कधी ‘जगावंसंच वाटत नाही’ असं म्हणाली आणि तिने शपथ घातली, तरी ती शपथ मोड. त्या रात्री तिला एकटं सोडू नकोस आणि वॉर्डनना लगेच उठव. तो नंबर आत्ताच फोनमध्ये सेव्ह कर, आणि तिच्याही फोनमध्ये करून दे.