फाशांवर पुन्हा खेळलेला हंगाम

होऊन गेलेल्या क्रिकेटचा अभ्यास दोन प्रकारांनी करता येतो. जुने धावफलक वाचणे हा पहिला प्रकार. त्याच धावफलकांतील आकडे हाताशी घेऊन तो हंगाम फाशांच्या साह्याने पुन्हा खेळून पाहणे हा दुसरा. पहिल्या प्रकारात काय घडले एवढेच कळते. दुसऱ्यात, जे घडले त्यामध्ये कर्तृत्वाचा वाटा किती आणि दैवाचा किती, याचाही अदमास येतो. या दुसऱ्या प्रकाराची ओळख आपल्या विद्यार्थिवर्गास करून द्यावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. फासे म्हणताच द्यूताची व त्यापायी झालेल्या अनर्थांची आठवण कोणासही होईल. यास्तव आरंभीच सांगणे अवश्य आहे की, येथे पण नाही व पैजही नाही. फासा हे येथे केवळ गणिताचे एक उपकरण आहे.

या खेळाची जोपासना प्रथम अमेरिकेत झाली. तिकडे बेसबॉल हा राष्ट्रीय खेळ. त्यात एक चेंडूफेक्या व एक फलंदाज यांची वारंवार गाठ पडते आणि प्रत्येक गाठीचा निकाल वहीत लिहिला जातो. त्यामुळे प्रत्येक खेळाडूचे सामर्थ्य आकड्यांत मांडणे सोपे झाले. १९३० साली क्लिफर्ड व्हॅन बीक यांनी ‘नॅशनल पास्टाइम’ नावाचा खेळ काढला. त्यात प्रत्येक खेळाडूचे एक कार्ड असे व फाशांचे जे दान पडे त्यावरून त्याच्या फटक्याचा निकाल लागे. पुढे १९५१ साली ‘ॲपबा’ व १९६१ च्या सुमारास ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हे खेळ निघाले. ते विकत घेऊन हजारो लोकांनी घरबसल्या जुने हंगाम सामन्यामागून सामना असे पुन्हा खेळून काढले व त्यांच्या हकिकती लिहिल्या. २०२० साली करोनाच्या साथीमुळे अमेरिकेतील बेसबॉलचा हंगाम वेळेवर सुरू होऊ शकला नाही, तेव्हा हा हंगाम अशाच पद्धतीने गणकयंत्रावर खेळवून त्याचे निकाल रोजच्या रोज प्रसिद्ध करण्यात आले.

आपल्याकडे या खेळाचा एक धाकटा भाऊ फार दिवसांपासून नांदत आहे. मधल्या सुट्टीत पाठ्यपुस्तक उघडून पानाच्या शेवटच्या अंकावर धावा मोजण्याचा खेळ उस्मानपुऱ्यातील कोणत्या मुलास ठाऊक नाही? छापील पुस्तकात डाव्या हाताच्या पानाचा क्रमांक सम असतो. म्हणून शेवटचा अंक ०, २, ४, ६ किंवा ८ एवढाच येऊ शकतो. शून्य आल्यास गडी बाद, आठ आल्यास धाव नाही, बाकीच्या अंकांइतक्या धावा, असा नियम धरू. पाच वेळा पुस्तक उघडले असता सरासरीने एकदा गडी बाद होतो व उरलेल्या चार वेळांत २, ४, ६ व ० मिळून १२ धावा होतात. अर्थात प्रत्येक फलंदाजाची सरासरी १२ आणि दहा गड्यांचा संपूर्ण डाव १२० धावांचा. पुस्तकापुढे विजय मर्चंट आणि अकरावा गडी हे दोघेही सारखेच. या खेळात सारे दैवाचे आहे, कर्तृत्वाला जागा नाही. अमेरिकन कार्डाने हा दोष दूर केला.

तसे कार्ड क्रिकेटसाठी आपणांस घरीच करता येते. दोन पांढरे फासे व एक रंगीत फासा घ्यावा. रंगीत फासा धावांचा. त्यावर जितके ठिपके पडतील तितक्या धावा द्याव्यात. मात्र पाच पडल्यास दोनच धावा मोजाव्यात. अशाने सहा बाजूंची बेरीज १८ होते आणि दर दानास सरासरी ३ धावा पडतात. पांढरे फासे गडी बाद करण्याचे. दोन फासे ३६ प्रकारांनी पडू शकतात. त्यांची बेरीज ३ येण्याचे प्रकार २, ४ येण्याचे ३, ५ येण्याचे ४ व ७ येण्याचे ६. आता ज्या फलंदाजाच्या कार्डावर ‘बेरीज ३ आल्यास बाद’ असे लिहिले असेल, तो ३६ दानांत दोनदा बाद होईल. म्हणजे एकदा बाद होण्यापूर्वी सरासरीने १७ दाने टिकेल व ५१ धावा करील. याच रीतीने ‘४ आल्यास बाद’ असणाऱ्याची सरासरी ३३, ‘५’ असणाऱ्याची २४ व ‘७’ असणाऱ्याची १५ येते. ‘४ किंवा ७’ असे लिहिल्यास सरासरी ९ होते. हे कार्ड शेवटच्या गड्यांस शोभेल. फलंदाजाची सरासरी म्हणजे एकदा बाद होण्यामागे त्याने केलेल्या धावा. ती जुन्या पुस्तकांत सापडते; तिच्या जवळचे कार्ड निवडले की काम झाले.

याहून बारीक हिशेब पाहिजे असेल तर तीन पांढरे फासे घ्यावेत. ते २१६ प्रकारांनी पडतात. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत मर्चंट यांची सरासरी ७१.६४ होती. तीन फाशांची बेरीज ४ किंवा ५ येण्याचे प्रकार ९ आहेत. त्यावर बाद धरल्यास सरासरी ६९ येते. विजय हजारे यांची सरासरी ५८.३८. बेरीज ६ येण्याचे प्रकार १०. त्यावर बाद धरल्यास सुमारे ६२ येते. एवढा फरक शालेय अभ्यासात चालण्याजोगा आहे.

हे कार्ड खरे बोलते की नाही, याची परीक्षा कशी करावी? हजारे यांच्या कार्डावर त्रिशतक होण्यासाठी सुमारे १०० दाने बाद न होता टिकावे लागते. गणित केले असता असा योग ढोबळ मानाने ११४ डावांत एकदा येतो. हजारे प्रथम श्रेणीचे साडेतीनशेंहून अधिक डाव खेळले. म्हणजे फाशांच्या मते त्यांची सुमारे तीन त्रिशतके व्हावयास हवीत. प्रत्यक्षात दोन झाली : १९३९-४० च्या हंगामात महाराष्ट्रातर्फे बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६, आणि १९४३ च्या पंचरंगी सामन्यांच्या अंतिम फेरीत ३०९. कित्येक डाव घोषित होऊन वा वेळ संपून अपुरे राहतात, हे ध्यानात घेतले तर फाशांचे भाकीत फारसे चुकले असे म्हणवत नाही.

आता दैवाकडे वळू. आपले शहर, आजचे छत्रपती संभाजीनगर, १९३८ साली औरंगाबाद या नावाने हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानच्या संघाने १९३७-३८ च्या हंगामात रणजी करंडक जिंकला. प्रतिस्पर्धी नवानगर, मागील वर्षाचा विजेता. नवानगरने १५२ व २७० धावा केल्या. हैदराबादने पहिल्या डावात अवघ्या ११३. दुसऱ्या डावात ३१० धावा पाहिजे होत्या. एडुलजी ऐबारा यांनी नाबाद १३७ धावा केल्या व हैदराबाद एक गडी राखून विजयी झाले. त्यानंतर हा करंडक पुन्हा हैदराबादेस येण्यास १९८६-८७ चा हंगाम उजाडावा लागला.

हा सामना फाशांवर शंभर वेळा खेळला तर हैदराबाद शंभर वेळा जिंकेल काय? समजा, नऊ गडी बाद झाले आहेत, १२ धावा उरल्या आहेत आणि सारा भार ‘७ आल्यास बाद’ अशा कार्डाच्या गड्यावर आला आहे. त्यास सुमारे चार दाने टिकले पाहिजे. प्रत्येक दानात टिकण्याचा संभव सहांत पाच. चार दानांचा मिळून १२९६ पैकी ६२५. म्हणजे शेकडा ४८. कित्येक पिढ्यांनी अभिमानाने सांगितलेला विजय आणि कोणाच्या स्मरणातही न राहणारा पराभव यांच्यामध्ये कित्येकदा एवढेच अंतर असते. यामुळे ऐबारा यांची थोरवी कमी होत नाही. परंतु हरलेल्यास नालायक ठरविण्याची घाई करू नये, एवढे शहाणपण येते.

बादफेरीच्या पद्धतीत दैवाचा हात विशेष लांब असतो. एखादा संघ इतका बलाढ्य आहे की, शंभरांत साठ सामने तो जिंकतो असे माना. करंडकासाठी ओळीने तीन सामने जिंकावयाचे असतील तर तो संघ शंभरांत सुमारे २२ वेळाच विजेता होईल. पूर्वी १५४ सामन्यांच्या बेसबॉल हंगामात मात्र असाच संघ सरासरीने ९२ सामने जिंकून आपली योग्यता सिद्ध करी. रणजी करंडकाचे सामने १९३४-३५ पासून बादफेरीने होत. १९५७-५८ पासून विभागवार साखळी पद्धत आली. सामने जितके अधिक, तितका न्याय अधिक, हे तत्त्व विद्यार्थ्यांनी आपल्या परीक्षांनाही लावून पाहावे.

येथवर फाशांची थोरवी झाली. त्यांना काय कळत नाही, तेही पाहिले पाहिजे. हजारे यांच्या ३०९ धावांचा तो डाव घ्या. हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला होता. मर्चंट नाबाद २५०. इतरेजन संघाचा पहिला डाव १३३ वर आटोपला व दुसरा ३८७ वर. या ३८७ पैकी ३०९ एकट्या हजारे यांच्या. सहाव्या गड्यासाठी त्यांनी बंधू विवेक यांच्या साथीने ३०० धावांची भर घातली. त्यांत विवेक यांच्या धावा अवघ्या २१. संघ एक डाव व ६१ धावांनी हरला तो हरलाच. फासे विवेक यांच्या नावावर २१ धावा लिहून मोकळे होतील. भाऊ खेळत आहे, आपण केवळ उभे राहावयाचे आहे, हा निश्चय कोणत्याही दानात पडत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. मुंबईचे हे सामने धर्मवार संघांत होत. युरोपियन व पारशी यांच्यात १९०७ साली हिंदू आले, १९१२ साली मुसलमान व १९३७ साली इतरेजन. गांधीजींनी १९४० च्या डिसेंबरात त्यांविषयी नापसंती व्यक्त केली. १९४६ साली ते बंद झाले. या सामन्यांच्या आरंभकाळी हिंदू संघाचा मोठा आधार म्हणजे डावखुरे गोलंदाज पालवणकर बाळू. १९०६ साली युरोपियनांवर १०९ धावांनी मिळविलेल्या विजयात ते होते. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडास गेला असता त्यांनी सर्व सामन्यांत मिळून ११४ गडी बाद केले. परंतु जन्म चर्मकार कुटुंबातला. म्हणून पुण्यात आरंभी मैदानावर सोबत खेळणारे लोक चहाच्या वेळी त्यांस बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा देत. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांस अखेरपर्यंत लाभले नाही. १९२३ साली ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांस मिळाले.

जो विद्यार्थी ते हंगाम फाशांवर खेळावयास बसेल, त्यास प्रथम कर्णधाराचे नाव लिहावे लागेल. त्यासाठी फाशांत दान नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागते. कार्डे समोर मांडल्यावर तो सहजच बाळूंचे नाव लिहील. मग त्याच्या मनात प्रश्न उभा राहील : जे मला एका क्षणात सुचले, ते त्या काळच्या सुशिक्षितांस दहा-बारा वर्षांत का सुचू नये? हा प्रश्न पडला की खेळाचा इतिहास समाजाच्या इतिहासास येऊन मिळतो.

बेसबॉलमध्येही हेच घडले. कृष्णवर्णीय खेळाडूंस मुख्य संघांत मज्जाव होता. त्यांचे स्वतंत्र संघ होते व त्यांचे सामने नीट नोंदले जात नसत. जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ रोजी मुख्य स्पर्धेत उतरले. थोर फलंदाज जॉश गिब्सन यांचा त्याच वर्षी जानेवारीत, म्हणजे अवघ्या तीन महिन्यांपूर्वी, अंत झाला होता. संशोधकांनी जुनी वृत्तपत्रे धुंडाळून त्या सामन्यांचे आकडे जुळविले. त्यांच्या आधारे २००९ साली या खेळाडूंची कार्डे निघाली आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे मुख्य स्पर्धेच्या अधिकृत नोंदीत सामील झाले. तेव्हा फलंदाजीच्या सरासरीत सर्वांत वर नाव आले ते गिब्सन यांचे. न्याय झाला, पण ज्याचा झाला तो पाहावयास उरला नव्हता.

तात्पर्य, कार्ड करावयास आकडा लागतो, आणि आकडा राहण्यास कोणी तरी तो लिहून ठेवावा लागतो. विद्यार्थिमित्रहो, आपल्या वर्गावर्गांतील सामन्यांची धावपुस्तिका या वर्षापासून नेमाने लिहा. जिंकलेल्या सामन्याइतक्याच काळजीने हरलेला सामना लिहा. ज्याने एकच षटक टाकले त्याचे नाव गाळू नका. आणि ज्यास संघात घेतले नाही, त्याचेही नाव व न घेण्याचे कारण शेवटच्या पानावर मांडा. ते कारण लिहिताना ज्याची लेखणी अडखळेल, त्याने निवड पुन्हा तपासावी. दहा वर्षांनी याच शाळेतील कोणी मुलगा तीन फासे घेऊन तुमचा हंगाम खेळावयास बसेल, तेव्हा त्यास प्रत्येकाचे कार्ड करता आले पाहिजे.