नंदी कापणाऱ्या भाचीस

राजूर (कॉलरी), ता. वणी, जि. यवतमाळ
आषाढ वद्य पंचमी



तुझा फोन आला तेव्हा लाइन खराब होती, म्हणून सगळं नीट लिहूनच पाठवतो. स्क्रोल सॉ, ती बारीक पात्याची मशीनची करवत, घेतलीस, तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदींची ऑर्डर घेतलीस, पाठोपाठ गणपतीच्या मखराची जाळीही घेतलीस. आता पाती पटापट मोडत आहेत, आणि तू विचारतेस की चांगलं पातं कोणतं. पोरी, हा प्रश्नच अर्धवट आहे. कशासाठी चांगलं, हे आधी ठरव. तू घेतलेली दोन्ही कामं एकमेकांच्या उलट आहेत आणि एकाच पात्यावर दोन्ही काढायला गेलीस, तर कोणतंच धड होणार नाही.

मी खाणीच्या वर्कशॉपात फिटर होतो, सुतार नव्हे. पण करवत लोखंडाची असो की लाकडाची, पात्याच्या बाबतीत एक हिशेब सारखाच असतो. कापायच्या जाडीत एका वेळी निदान तीन दात असले पाहिजेत. हॅक्सॉने पातळ पत्रा कापताना दात झडतात ते एवढ्याचसाठी, सगळा भार एका दातावर येतो. मखराला तू 6 मिलिमीटरचा प्लायवूड घेतला आहेस. पाच नंबरच्या पात्याला इंचाला साधारण बारा-तेरा दात असतात, म्हणजे 6 मिलिमीटरमध्ये जेमतेम तीन. तेवढ्यावर काम चालतं, पण जाळीची नाजूक वळणं घ्यायची असतील तर तीन नंबर लाव. नंबर जितका लहान तितकं पातं बारीक, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. शून्य आणि त्याच्याही खालची पाती लाकडी कोड्याच्या तुकड्यांसाठी असतात, तुला सध्या त्यांचं काम नाही.

नंदीची गोष्ट वेगळी. तो दीड इंची ठोकळ्यातून निघतो आणि दोन बाजूंनी कापावा लागतो. आधी बाजूचा आकार कापायचा, निघालेले तुकडे परत जागेवर बसवून चिकटपट्टी गुंडाळायची, मग ठोकळा वळवून समोरचा आकार कापायचा. एवढ्या जाडीत बारीक पातं घातलं की भुसा बाहेर पडायला जागा उरत नाही, दात भुशाने भरतात आणि पातं लाकडात घासत नुसतं तापत राहतं. इथे सात नाहीतर नऊ नंबर, आणि दातांमध्ये मोकळी जागा सोडलेलं, ज्याला दुकानदार ‘स्किप टूथ’ म्हणतात ते. मखरासाठी मात्र ‘रिव्हर्स टूथ’ माग. त्याचे तळाचे काही दात उलटे, म्हणजे वर तोंड केलेले असतात, त्यामुळे प्लायच्या खालच्या बाजूला कुसळं निघत नाहीत आणि पॉलिशपेपरची मेहनत वाचते.

टोकाला पिन असलेलं पातं घेऊ नकोस, असं मी स्पष्टच सांगतो. पिन आत घालायला जवळजवळ 5 मिलिमीटरचं भोक पाडावं लागतं, ते जाळीच्या पाकळीत दिसतं. बिनपिनच्या पात्याला दीड-दोन मिलिमीटरचं भोक पुरतं. तुझ्या मशीनला पिनचेच क्लॅम्प असतील, तर अडॅप्टर मिळतो का ते बघ. नागपूरच्या इतवारी सराफ्यात सोनारी करवतीची पाती स्वस्त मिळतात म्हणून कोणी सुचवेल. ती धातूसाठी असतात, दात फार दाट. पितळेची नावपट्टी कापशील तेव्हा ती आण. प्लायवर ती घातलीस तर चार इंचांत भुसा जळल्याचा वास येईल.

आता टिकण्याबद्दल. मशीनचा धक्का, म्हणजे पातं वरखाली जातं ते अंतर, साधारण पाऊण इंच, 19 मिलिमीटर असतं. 6 मिलिमीटरचा प्लाय कापताना 19 अधिक 6 मिळून 25 मिलिमीटर एवढाच भाग काम करतो. पातं पाच इंची. तू फेकतेस तेव्हा त्याचा मोठा भाग कोराच असतो! यावर उपाय सोपा आहे. 18 मिलिमीटरची एक फळी टेबलाच्या मापाची काप, मधोमध पातं जाईल एवढंच बारीक भोक पाड आणि ती दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने टेबलावर बसव. काम 18 मिलिमीटर वर उचललं गेलं की वरचे न वापरलेले दात कामाला लागतात. पात्याचे खालचे उलटे दात मग वरपर्यंत पोचत नाहीत हे खरं, पण फळीचं भोक पात्याला घट्ट असल्यामुळे प्लायला खालून आधार मिळतो आणि कुसळं फारशी निघत नाहीत. ठोकळ्याच्या कामाला मात्र ही फळी काढून ठेव. तिथे जाडीच इतकी असते की दात आपोआप जास्त वापरले जातात, आणि वर जागाही पुरत नाही.

पातं मोडतं कशाने? बहुतेक वेळा ताण कमी असतो म्हणून, जास्त असतो म्हणून नव्हे. सैल पातं लाकडात मागे वाकतं, वळणावर पिळवटतं आणि तुटतं. मशीनचा प्लग काढून बोटाने पातं छेड, तारेसारखा उंच, स्वच्छ सूर निघाला पाहिजे. बोटाने बाजूला दाबलं तर तीन मिलिमीटरपेक्षा जास्त हलू नये. क्लॅम्पमधून पातं निसटत असेल, तर स्क्रू आणखी आवळून उपयोग नाही. कारखान्यातून पाती तेल लावून येतात. टोकं पॉलिशपेपरवर एकदा घासून कोरडी कर, पकड बसते. रात्री मशीन बंद करताना ताण सोडून दे.

ठोकळा कापताना टेबल आणि पातं यांत काटकोन नसेल तर नंदीचे पाय एकीकडे झुकतील. गुण्या लावून बघ, पण माझा भरवसा दुसऱ्या रीतीवर जास्त आहे. टाकाऊ ठोकळ्याला समोरून पाव इंच खाच घे, मशीन बंद कर, ठोकळा अर्धा फिरवून पात्याच्या मागे आण. खाच पात्यावर अलगद बसली तर काटकोन बरोबर. अडली तर टेबल थोडं फिरव आणि नवी खाच घेऊन पुन्हा तपास.

बाजारातल्या बऱ्याच पात्यांच्या एका अंगाला, ती बनवतानाच, बारीक कोर राहते. म्हणून अशी पाती सरळ रेषेवर ठेवली तरी एका बाजूला ओढतात. लाकूड किंचित तिरपं धरून ढकललं की रेषा सांभाळते, हाताला एका दिवसात सवय होते. घासून तयार केलेल्या पात्यांना हा त्रास नसतो, ती महाग असतात. जर्मनीचं निक्वा, स्वित्झर्लंडचं पेगास ही नावं कारागीर घेतात. मखर गिऱ्हाईकाला द्यायचं असेल तर तेवढे पैसे खर्च कर. सरावाला साधी पाती चालतील.

नंदीच्या लाकडाचं. वणीच्या फर्निचरवाल्याकडे सागाचे उरलेले तुकडे फुकटात मिळतात म्हणून तू ते घेतलेस, हे मला ताईने सांगितलं. साग चांगलाच, चंद्रपूरकडच्या बल्लारपूर डेपोतला तर नावाजलेला. 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिराला चंद्रपूरकडूनच सागवान गेलं. पण सागात वाळूचे बारीक कण असतात, सिलिका, ते दात बोथट करतात. त्यातच लाकूड तेलकट. लहान नंदीला मऊ शिवण किंवा पांगारा घे, पातं जास्त टिकेल आणि पोरांच्या हाताला हलकाही पडेल. नागपुरात दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 मध्ये तान्हा पोळा सुरू केला असं सांगतात, तेव्हापासून पोरं लाकडी बैल घेऊन निघतात. ते बैल पोराला ओढता आले पाहिजेत. सागाचा हट्टच असेल तर वेग कमी ठेव आणि लाकडावर पारदर्शक पॅकिंगची पट्टी चिकटवून तिच्यावरून काप. तिच्यामुळे पातं कमी तापतं आणि कड काळी पडत नाही. मेणबत्तीचा तुकडा पात्यावर फिरवलास तरी फायदा होतो.

पात्याची निळी झाक दिसली की समजायचं, पोलाद जास्त तापलं, पाणी उतरलं. ते पातं आता कितीही जप, जगत नाही. त्याच्या आधीच हाताला कळतं. ढकलायला जोर लागायला लागतो, पातं मागे पोट काढतं, रेष सुटायला लागते. तेव्हाच बदलायचं, कुठे मखराच्या मधल्या पाकळीत आलीस तरी थांबून. पात्याचे थोडे पैसे वाचवायला बघशील, तर प्लायची सगळी शीट जाईल. जपायचं ते आधी, शेवटी नाही. बोथट झालेलं पातं दामटून चालवलं, तर ताण बरोबर असला तरी ते मोडतं.

पावसाळ्यात आपल्याकडे सगळ्यांत मोठा शत्रू गंज. पाती कागदी पाकिटात ठेवू नकोस, प्रत्येक नंबरची वेगळी नळी कर, पात्यांना तेलाचा हात लाव. राजूरच्या चुनाभट्ट्यांची कळी इथे कुठेही मिळते, ती चिमूटभर पुरचुंडीत बांधून नळ्यांच्या डब्याच्या तळाशी, पात्यांपासून लांब ठेव. कळीचा चुना हवेतली ओल ओढून घेतो. पीठ झालं की टाक आणि दुसरी भर. पाण्याजवळ नेऊ नकोस, कळी पाण्याने उकळते आणि डोळ्यात उडाली तर डोळा जाऊ शकतो. लहान भावाच्या हाताला लागू देऊ नकोस.

नवं पातं बसवताना दात पुढे आणि खाली. तेव्हाही मशीनचा प्लग काढलेला असू दे. बोट दातांवरून खालून वर फिरवलं की अडकलं पाहिजे.

पुढच्या आठवड्यात मी वणीला येणार आहे, शिवणीचे वाळलेले ठोकळे घेऊन येतो. नंदीची उंची किती, ते कळव, म्हणजे तेवढेच कापून आणीन. मखराची जाळी आधी कागदावर काढून पाकळ्यांमधली सगळ्यांत अरुंद जागा किती मिलिमीटर आहे तेही लिही, तीन नंबर पुरेल की दोन लागेल ते तेव्हा बघू. ताईला आणि दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा